सैन्यात हुकूम कोणाचा ?



स्त्रीने सैन्यात जावे की न जावे, हा वाद आता जुना झाला. स्त्री सैन्यात गेली, तिने गणवेश चढविला, तिने विमाने चालविली, सरहद्दीवर सेवा केली. आज जो वाद चालू आहे तो निराळा आहे आणि अधिक मुळाशी जाणारा आहे. स्त्रीने पुरुषांच्या पलटणीस हुकूम द्यावा काय, आणि पुरुष शिपायाने तो मानावा काय, असा हा वाद आहे. नोकरी द्यावयास कोणी फारसे कुरकुरत नाही. अधिकार द्यावयाची वेळ आली की मात्र शास्त्रे आठवतात, शरीररचना आठवते आणि कुटुंबसंस्थाही आठवते. हा अनुभव तुम्हांस नवा आहे काय ? तो नवा नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न दिल्लीचा किंवा मोठ्या घरच्या स्त्रियांचा आहे असे समजून तुम्ही पान उलटू नये, अशी माझी विनंती आहे.

प्रथम हे पाहा की सरकारतर्फे सर्वोच्च न्यायालयात काय सांगण्यात आले. बबिता पुनिया यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात केंद्र सरकारने जे लेखी टिपण सादर केले, त्यात असा मुद्दा होता की, सैन्यातील शिपाई हे बहुतांशी ग्रामीण भागातून आलेले पुरुष आहेत, समाजाचे रूढ संस्कार त्यांच्यावर आहेत, आणि स्त्री अधिकाऱ्याचे नेतृत्व मान्य करण्याइतकी त्यांच्या मनाची तयारी अजून झालेली नाही. हा ग्रामीण भागातील पुरुष म्हणजे कोण ? तो कंधारचा आहे, मुखेडचा आहे, निलंग्याचा, औशाचा आणि उदगीरचा आहे. तो तुमचा मुलगा किंवा तुमचा भाऊ आहे. स्त्रीला अधिकार नाकारावयाचा होता तो राजधानीतील कचेरीस. परंतु दोष मात्र टाकला खेड्यातील शिपायावर. ज्या खेड्यात स्त्री सरपंचाच्या सहीवाचून ग्रामपंचायतीचा कागद हलत नाही, जेथे स्त्री तहसीलदार पंचनाम्यास येते आणि गावचा पुढारी उभा राहून तिला नमस्कार करतो, त्या खेड्यातील माणसास स्त्रीचा हुकूम समजत नाही, हे कोणी ठरविले ?

दि. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांनी हा युक्तिवाद फेटाळला. स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशन द्यावे, आणि त्यांना केवळ कचेरीतील जागांवर बसवून पलटणीचे नेतृत्व सरसकट नाकारता येणार नाही, असा तो निकाल आहे.

आता मी तुम्हांस सव्वाशेहून अधिक वर्षे मागे नेतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपाई होते, नाईक होते, हवालदार होते, सुभेदारही होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते, हे तुमच्या घरातील लहान मुलासही माहीत आहे. पुढे इंग्रजांच्या डोक्यात लढाऊ जातींचे खूळ शिरले. अमुक जाती जन्मतःच शूर, तमुक जाती जन्मतःच नालायक, असे कोष्टक तयार झाले आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद पडली. त्या वेळीही कारण काय सांगितले जात असे ? उच्चवर्णीय शिपाई अस्पृश्य सुभेदाराचा हुकूम मानणार नाही. त्याने शिस्त बिघडेल. सैन्य ही समाजसुधारणेची जागा नव्हे. शब्द तपासून पाहा. 'अस्पृश्य सुभेदार' हे शब्द खोडून तेथे 'स्त्री अधिकारी' असे लिहा. २०२० सालचे टिपण तयार होते!

या अन्यायाविरुद्ध आपल्या पूर्वजांनी काय केले ? त्यांनी अर्ज केले. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक. त्यांनी १८९४ साली सरसेनापतीकडे पाठविण्यासाठी विनंतीअर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिले महायुद्ध पेटले, माणसांची टंचाई भासू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली; गरज सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. दुसरे महायुद्ध आले तेव्हा बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी महारांच्या स्वतंत्र पलटणीचा आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. हा हक्क युक्तिवादाने, पाठपुराव्याने आणि वेळ साधून मिळविलेला आहे. तो कोणी दान म्हणून दिलेला नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. या महार रेजिमेंटमध्ये कमिशन मिळालेले दोन अधिकारी पुढे भारताचे सरसेनापती झाले : जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी. दोघेही कर्तबगार सेनानी, याबद्दल वाद नाही. परंतु दोघांपैकी एकही महार नव्हता. पलटणीचे नाव आमचे, छातीवर गोळी झेलणारा शिपाई आमचा, आणि हुकूम मात्र बहुधा दुसऱ्याचा, ही स्थिती आपण पुष्कळ वर्षे पाहिली आहे. तेव्हा भरती होणे आणि अधिकारावर बसणे या दोन गोष्टींतील अंतर इतर कोणापेक्षाही आपणांस लवकर कळले पाहिजे.

कायद्याची बाजू सांगणे हा माझा धंदाच आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. संविधानाचे कलम १६ हे सरकारी नोकरीत समान संधी देते आणि लिंगावरून भेद करण्यास मनाई करते. कलम ३३ अन्वये सैन्यातील लोकांच्या मूलभूत हक्कांवर संसदेस मर्यादा घालता येतात. या कलमाचा आधार घेऊन १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये कलम १२ आले. केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेने ज्या शाखा मोकळ्या करील त्या खेरीज इतरत्र स्त्रीस सैन्यात घेता येणार नाही, असे ते कलम सांगते. अशी अधिसूचना ३० जानेवारी १९९२ रोजी निघाली, आणि तीही केवळ पाच वर्षांच्या मुदतीच्या नोकरीसाठी. पुढे ती मुदत वाढत वाढत चौदा वर्षांवर गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने १२ मार्च २०१० रोजी कायम कमिशन देण्याचा हुकूम केला. सर्वोच्च न्यायालयाने त्या हुकमाच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली नव्हती, तरी सरकार जवळजवळ दहा वर्षे तो बाजूस ठेवून बसले. एखाद्या गरीब कुळाने न्यायालयाचा हुकूम दहा दिवस बाजूस ठेवला तर त्याचे काय होते, हे मी रोज पाहतो.

निकाल लागल्यावरही गोष्ट संपली नाही. कायम कमिशन देण्यासाठी ज्या कसोट्या लावण्यात आल्या त्या वरवर पाहता स्त्री-पुरुषांस सारख्याच होत्या. परंतु पुरुष अधिकाऱ्याची जी वैद्यकीय तपासणी त्याच्या नोकरीच्या पाचव्या वा दहाव्या वर्षी, ऐन तारुण्यात झाली, तीच कसोटी चाळीस-पन्नास वर्षांच्या स्त्रियांस लावण्यात आली. कारण त्यांचा हक्क इतकी वर्षे अडवून ठेवला होता. उशीर केला सरकारने आणि वय मोजले स्त्रीचे ! लेफ्टनंट कर्नल नितीशा यांच्या खटल्यात २५ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे असे ठरविले. 'अप्रत्यक्ष भेदभाव' हा शब्द ध्यानात ठेवा. नियम सर्वांस सारखा आहे, असे सांगून जेव्हा तुमच्या मुलास एखाद्या जागेवरून परत पाठविले जाते, तेव्हा हाच शब्द तुमच्या कामी येईल.

पुढे जानेवारी २०२३ मध्ये स्त्री अधिकाऱ्यांसाठी कर्नल हुद्द्याच्या १०८ जागांवर निवड झाली आणि प्रथमच वैद्यकीय शाखेबाहेरच्या स्त्रिया मोठ्या संख्येने पलटणींच्या प्रमुख होऊ लागल्या. दोन वर्षे झाली नाहीत तोच टीका सुरू झाली. १७ व्या कोअरचे सेनापती लेफ्टनंट जनरल राजीव पुरी यांनी पूर्व विभागाच्या सेनापतींस ऑक्टोबर २०२४ मध्ये एक पत्र लिहिले, ते नोव्हेंबरात वृत्तपत्रांतून बाहेर आले. आठ स्त्री कर्नलांच्या कामाचा आढावा घेऊन त्यांनी असा निष्कर्ष काढला होता की, या अधिकाऱ्यांस हाताखालच्या माणसांशी जुळवून घेता येत नाही, सहानुभूती कमी पडते, तक्रारी करण्याची प्रवृत्ती फार आहे, आणि लहानसहान गोष्टींचे श्रेय हवे असते.

या पत्रातील प्रत्येक ओळ खोटी आहे असे मी म्हणणार नाही. त्या आठ जणींपैकी एखाद-दोन वाईट अधिकारी असतीलही. परंतु माझा प्रश्न असा आहे की, वाईट पुरुष कर्नल आजवर झाला नाही काय ? झाला असल्यास त्यावरून पुरुष जात नेतृत्वास नालायक आहे असे पत्र कोणी लिहिले ? पुरुष चुकला तर तो माणूस चुकला. स्त्री चुकली तर स्त्रीजात चुकली. आपल्यातील एखादा तहसीलदार लाच खाताना सापडला की 'यांना वर घेतले की असेच व्हायचे' असे बोलणारे लोक तुमच्याच तालुक्यात आहेत. त्याच गजाने आज तिला मोजण्यात येत आहे. आणि तक्रार करण्याच्या खोडीविषयी म्हणाल, तर ज्यांना तक्रार केल्यावाचून कधी काहीच मिळाले नाही, त्यांना ती सवय लागतेच. वलंगकरांचा अर्ज ही तरी दुसरे काय होती ? तक्रारच !

याशिवाय एक साधी गोष्ट टीकाकार विसरतात. या स्त्रिया सैन्यात शिरल्या तेव्हा त्यांना सांगण्यात आले होते की तुम्ही काही वर्षांनी घरी जाणार. ज्यास घरी जावयाचे आहे त्यास पुढच्या नेतृत्वासाठी कोण घडवील ? नेतृत्वाची सवय कंपनीच्या पातळीवर लागते, चुकत-माकत लागते, आणि वरिष्ठाने पाठीशी उभे राहावे लागते. ज्याला पोहावयास कधी पाण्यात उतरू दिले नाही त्यास एकदम डोहात लोटून काठावरून त्याचे हातपाय मोजणे, याला परीक्षा म्हणत नाहीत.

आता अगदी वरच्या जागांचा विचार करू. लेफ्टनंट जनरल हुद्द्यापर्यंत पोहोचलेल्या स्त्रिया आहेत. पुनीता अरोरा २००४ मध्ये त्या पदावर प्रथम पोहोचल्या. आपल्या महाराष्ट्रातील माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. पुढे २०२१ मध्ये त्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, ज्या विद्यापीठाशी नांदेड व लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये जोडलेली आहेत. १ ऑक्टोबर २०२४ रोजी आरती सरीन या तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या. हा सर्व अभिमानाचा इतिहास आहे. परंतु नीट पाहा, या सर्वजणी डॉक्टर आहेत. सैन्याने स्त्रीस वर चढू दिले ते दवाखान्याच्या जिन्याने. रणांगणाचा जिना तिच्यासाठी बंद होता, आणि पायदळ, रणगाडा दल व यांत्रिक पायदळ यांचा तर ती अधिकारी म्हणून गेली तरी अजून बंदच आहे.

म्हणून कोणी म्हणेल की मग सरसेनापती होण्याची गोष्ट बोलता कशाला ? त्यास माझे उत्तर असे. नागपूरचे जनरल मनोज पांडे ३० एप्रिल २०२२ रोजी सरसेनापती झाले. ते पायदळातून आलेले नव्हते. अभियंता दलातून त्या पदावर पोहोचलेले ते पहिलेच. हे अभियंता दल स्त्रियांस खुले आहे. २०२३ पासून तोफखानाही खुला झाला आहे. तेव्हा दार अगदीच बंद आहे असे म्हणता येत नाही. मात्र हा जिना फार लांब आहे. कमिशन मिळाल्यापासून सेनापतिपदापर्यंत पस्तीसहून अधिक वर्षे लागतात. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलींस प्रवेश मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ मधील हुकमानंतर. पहिल्या तुकडीत १९ मुली आल्या आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतील १७ जणी बाहेर पडल्या. त्यांच्यापैकी कोणी सेनापती व्हावयाची असेल तर २०६० साल उलटून जाईल. आज जी मुलगी तुमच्या घरी पाचवीत आहे तिचा नंबर त्यानंतरचा आहे. म्हणून घाई केली पाहिजे.

शारीरिक बळाचा मुद्दा मी टाळणार नाही. जेथे अमुक वजन वाहून नेणे हे कामच आहे, तेथे वजनाची कसोटी सर्वांस एकच असावी. स्त्रीने त्यात सवलत मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु ब्रिगेडचा सेनापती नकाशापुढे बसून निर्णय घेतो, कुस्ती खेळत नाही. बाहुबळावर सेनापती निवडावयाचे असते तर आपल्या तालमीतले वस्ताद केव्हाच जनरल झाले असते. नांदेडकरांस तर हे सांगावयास नकोच. हुजूर साहिबच्या तख्ताच्या परिसरात माई भागोच्या नावाची वास्तू आहे. १७०५ साली मुक्तसरच्या लढाईत, गुरूची साथ सोडून घरी परतलेल्या चाळीस पुरुषांस लाज आणून पुन्हा रणात नेणारी ही स्त्री, पुढे गुरू गोविंदसिंगांबरोबर नांदेडास आली. दर्शनाला जाणाऱ्यांपैकी किती जण त्या वास्तूपुढे थांबतात, कोण जाणे.

आता आपल्याच मंडळींचे दोन आक्षेप घेतो, कारण परक्यास उत्तर देणे सोपे असते.

पहिला आक्षेप असा की, आपण पंचशील घेतले. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे पहिले शील घेतलेल्यांनी मुलगी सैन्यात का पाठवावी? नवदीक्षितांच्या मनात हा प्रश्न यावा हे चांगले लक्षण आहे. परंतु मग तो मुलाच्या वेळी का आला नाही ? मुलगा भरती झाला तेव्हा पेढे वाटलेत, आणि मुलीच्या वेळी शील आठवले ! वैशालीचा सीह सेनापती बुद्धाकडे आला तेव्हा बुद्धाने त्यास विचार करून निर्णय घेण्यास सांगितले; सेनापतिपद सोडून ये, अशी अट घातली नाही. मारण्याची हाव आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेबांनीही स्पष्ट भेद केलेला आहे. तो भेद स्त्री-पुरुषांस एकच लागू आहे.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, तरी सांगतो. महाप्रजापती गौतमीस संघात प्रवेश मिळाला तेव्हा आठ नियम घातले गेले असे विनयपिटक सांगते. त्यांतील पहिला नियम असा की, भिक्खुणी शंभर वर्षांची ज्येष्ठ असली तरी तिने आजच दीक्षा घेतलेल्या भिक्खूस वंदन करावे. पिटकातच पुढे असेही आहे की, गौतमीने नंतर विनंती केली की वंदन ज्येष्ठतेप्रमाणे असावे. ती मान्य झाली नाही. हे नियम मूळचे की मागाहून घातलेले, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. मला त्यात शिरावयाचे नाही. परंतु सलाम ज्येष्ठतेस करावयाचा की पुरुषत्वास, हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी एका स्त्रीने विचारला होता, ही गोष्ट आपण लपवू नये. उलट तोच प्रश्न आज सैन्याच्या कवायतीच्या मैदानावर सुटत आहे : कर्नल समोरून आली की सुभेदार सलाम करतो, कारण तिच्या खांद्यावर कर्नलचे चिन्ह आहे.

आता मुख्य बोलणे. जुलै १९४२ मध्ये नागपुरास दलित महिलांची परिषद भरली, त्याच दिवसांत तेथे समता सैनिक दलाचीही परिषद झाली. स्त्रिया आणि सैनिक एकाच नगरीत, एकाच नेत्यापुढे बसले होते. आणि आज आपल्या घरी काय चालले आहे ? नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर पहाटे पोलिस भरतीसाठी धावणाऱ्या मुली तुम्ही पाहता. त्यांत आपल्या वस्तीच्याही आहेत. त्यांचे कौतुक आहेच. परंतु शिपाई होण्यास परवानगी देणारा बाप अधिकारी होण्याच्या परीक्षेचे नाव काढताच गप्प होतो. 'एवढे वर कशाला ? स्थळ मिळणार नाही.' हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की, सरकारच्या त्या लेखी टिपणाचा मसुदा आपल्याच ओसरीवर बसून लिहिला गेला की काय, अशी शंका येते. मुलीचा हुकूम शिपाई मानील की नाही हे पुढचे पुढे. तिचा नवरा मानणार नाही, या भीतीनेच तुम्ही तिला मागे ओढता.

आणि ही नुसती वृत्तीची गोष्ट नाही, कायद्याची आहे. प्रबोधिनीच्या परीक्षेस वय लागते साडेसोळा ते साडेएकोणीस, शिक्षण बारावी, आणि उमेदवार अविवाहित असावा लागतो. अठरा पूर्ण झाल्याबरोबर मुलीचे लग्न उरकणारा बाप कायदा मोडत नाही हे खरे. पण सर्वोच्च न्यायालयाने उघडलेले दार तो स्वतःच्या हाताने लावून घेतो. पदवीनंतर चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत जाण्यासाठीही हीच अट आहे. केवळ मूल नसलेल्या व पुन्हा विवाह न केलेल्या विधवा आणि घटस्फोटितांस तेथे मुभा आहे.

कोणी म्हणतील की सैन्यात राखीव जागा नाहीत, तेव्हा हे सर्व शहरी, इंग्रजी शाळांतील मुलींच्याच पदरात पडणार. राखीव जागा नाहीत हे खरे आहे. म्हणूनच ११ ऑगस्ट २०२५ चा अर्शनूर कौर यांच्या खटल्यातील निकाल तुम्ही समजून घ्यावा. सैन्याच्या कायदा शाखेत पुरुषांस सहा व स्त्रियांस तीन जागा ठेवल्या होत्या. त्यामुळे अधिक गुण मिळविलेली स्त्री बाहेर आणि कमी गुणांचा पुरुष आत, असा प्रकार घडला. न्यायमूर्ती दीपांकर दत्ता व न्यायमूर्ती मनमोहन यांनी ही वाटणी रद्द केली आणि स्त्री-पुरुषांची एकच गुणवत्ता यादी करण्यास सांगितले. गुणवत्तेचे गाणे आपल्याला आयुष्यभर ऐकविणाऱ्यांनीच स्त्रियांविरुद्ध पुरुषांसाठी जागा राखून ठेवल्या होत्या, हे या निमित्ताने उघड झाले. आपल्याकडील विधि महाविद्यालयांतून दरवर्षी कितीतरी मुली पदवी घेऊन बाहेर पडतात आणि दिवाणी न्यायालयाच्या व्हरांड्यात वर्षानुवर्षे पक्षकाराची वाट पाहतात. कायदा शाखेच्या अर्जासाठी इतर अटींबरोबर ५५ टक्के गुण, २१ ते २७ वय आणि अविवाहित असणे या अटी आहेत. बारावीच्या मुलींसाठी प्रबोधिनीची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो, आणि तिच्या तयारीसाठी राज्य सरकारने २०२३ पासून नाशिक येथे मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था चालविली आहे. तेथे दहावीनंतर प्रवेश मिळतो, म्हणून नववीतच चौकशी केलेली बरी.